बॉक्सरचा मालक कोण?

25 जानेवारी 2025 रोजी लास व्हेगासमध्ये निशांत देव याने व्यावसायिक बॉक्सर म्हणून आपली पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली. 2023 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेला आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेला हा हरियाणाचा बॉक्सर व्यावसायिक झाल्यापासून ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात सराव करणाऱ्या मुलांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. राज्य पातळीवर पदके आहेत, आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र आहे, वय चोविशीकडे झुकले आहे आणि राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे काही आलेले नाही, तर आपणही प्रो व्हावे का, असे ही मुले आपल्या प्रशिक्षकाला विचारतात. बहुतेक प्रशिक्षक या प्रश्नाला बगल देतात, कारण प्रामाणिक उत्तर द्यायचे तर मुलाची उमेद खचते आणि खोटे उत्तर दिले तर त्याचे आयुष्य पणाला लागते. निशांतच्या मागे पहिल्या दिवसापासून मॅचरूमसारखी बडी ब्रिटिश प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारी, कंपनी उभी होती. ठाण्याच्या मुलामागे त्याची आई, उसने घेतलेले पैसे आणि फार तर एखाद्या स्थानिक पुढाऱ्याचे आश्वासन असते.

हौशी, म्हणजे ऑलिंपिक धर्तीच्या, गटात चमकलेला बॉक्सर व्यावसायिक रिंगणात का चाचपडतो, याची चर्चा आपल्याकडे झालीच तर ती गुणवत्ता, आहार आणि जिद्द यांच्याभोवती फिरते. मला ही चर्चा अपुरी वाटते. व्यावसायिक बॉक्सर हा ठरलेला मालक नसलेला, दर कामाला नवा मालक मिळणारा आणि शरीराची झीज हेच ज्याचे भांडवल आहे असा श्रमिक आहे. त्याच्याकडे त्या नजरेने पाहिले, तरच त्याच्या अपयशाचा मोठा भाग समजतो. अशा श्रमिकासाठी कायदा कसा करायचा, हे महाराष्ट्राला नव्याने शिकावे लागणार नाही. तो कायदा आपण माथाडी हमालांसाठी 1969 सालीच केला आहे आणि त्याच्यावर उभी राहिलेली वस्ती नवी मुंबईत आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण त्याकडे येण्यापूर्वी हा मुलगा व्यावसायिक होण्याचा विचार मुळात का करतो, ते पाहिले पाहिजे.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सात वजनगट होते आणि स्त्रियांचे सहा. म्हणजे संपूर्ण देशातून, सेनादल, रेल्वे, हरियाणा, मणिपूर या सगळ्यांना मागे टाकून, सातच पुरुषांना तिथे जागा मिळू शकत होती. त्या सातांत बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या लगतच्या फळीसाठी व्यवस्था बऱ्यापैकी उभी आहे. ऑलिंपिक पदकाच्या दावेदारांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेच्या मुख्य गटातील खेळाडूला महिना 50,000 रुपये भत्ता मिळतो, ‘खेलो इंडिया’साठी निवडलेल्या मुलाला महिना 10,000 रुपये मिळतात, पतियाळाचे शिबिर आहे. त्याखालच्या मुलाला महाराष्ट्रात दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण एवढाच आधार उरतो. त्या आरक्षणालाही बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी असे ग्रहण लागले, की खऱ्या खेळाडूलाच पडताळणीसाठी खेटे घालावे लागतात. शिवाय हौशी बॉक्सिंगचा कारभार गेली तेरा-चौदा वर्षे सतत डळमळत राहिला आहे. डिसेंबर 2012 मध्ये भारतीय संघटना निलंबित झाली, मग नवी संघटना आली, तीही मोडली आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये आजचा महासंघ उभा राहिला. त्या चार वर्षांत ज्यांची उमेदीची वर्षे आली, त्यांची भरपाई कोणीही केली नाही. पुढे 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक संघटनेची मान्यता काढून घेतली आणि 2028 च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग असेल की नाही, हे मार्च 2025 पर्यंत नक्की नव्हते. अशा स्थितीत एखाद्या मुलाने दुसरी वाट शोधली, तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे आहे.

ती दुसरी वाट मात्र दिसते त्यापेक्षा फार वेगळी आहे, आणि तिचे वेगळेपण आपल्या वर्तमानपत्रांतून क्वचितच समजावून सांगितले जाते. हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. त्या नऊ मिनिटांत जलद पायांनी आत शिरायचे, स्वच्छ ठोशांची माळ लावायची आणि प्रतिस्पर्ध्याचे उत्तर येण्याआधी बाहेर पडायचे, हे कौशल्य मुलाने दहा-बारा वर्षे घासून अंगी बाणवलेले असते. व्यावसायिक लढती चार फेऱ्यांपासून सुरू होतात आणि पुरुषांच्या किताबी लढती बारा फेऱ्यांपर्यंत जातात. तिथे ग्लोव्हज हलके असतात, हौशी गटातल्या 10 किंवा 12 औंसांऐवजी 8 किंवा 10 औंसांचे. त्याखाली हाताला जाळीची पट्टी आणि चिकटपट्टी बांधलेली असते, त्यामुळे तोच ठोसा अधिक आत रुततो. बरगड्यांखाली बसणाऱ्या ठोशांना पहिल्या तीन फेऱ्यांत फारसे यश दिसत नाही, पण सहाव्या-सातव्या फेरीत त्यांच्यामुळेच पाय जड होतात. प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून त्याच्यावर आपले वजन टाकणे, खांद्याने ढकलून त्याचा तोल घालवणे, पंचाची नजर चुकवून कोपर लावणे, दमलेले असताना दम लागल्याचे न दाखवणे, या गोष्टी हौशी प्रशिक्षणात शिकवल्याच जात नाहीत. वजनाचेही तसेच आहे. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, व्यावसायिक लढतीत ते बहुधा आदल्या दिवशी होते. अनुभवी बॉक्सर आदल्या दिवशी शरीरातले पाणी काढून वजन बसवतो आणि रात्रीत चार-पाच किलो परत मिळवून रिंगमध्ये उतरतो. नवखा मुलगा आपल्याच वजनाच्या माणसाशी लढतो आहे असे समजत असतो आणि समोर प्रत्यक्षात वरच्या गटातला माणूस उभा असतो.

हे किती मोठे अंतर आहे, याचा दाखला युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोच्या कारकिर्दीत आहे. 2008 आणि 2012 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, हौशी कारकिर्दीत जवळजवळ चारशे विजय आणि नावावर केवळ एक पराभव असलेला हा बॉक्सर मार्च 2014 मध्ये आपल्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत हरला. ओर्लांडो सालिदो हा त्याचा प्रतिस्पर्धी अनेक पराभव पचवलेला, रांगडा, अनुभवी मेक्सिकन होता. तो ठरलेले वजन न बसवताच उतरला आणि त्याने बारा फेऱ्या अंगाला अंग भिडवून खेळ ओढत नेला. लोमाचेन्को पुढे जगज्जेता झाला, कारण त्याच्या मागे त्या पराभवातून सावरायला वेळ देणारी माणसे आणि पैसा होता. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेता ब्रिटनचा ऑडली हॅरिसन याला दूरचित्रवाणीचा मोठा करार मिळाला, तरी त्याची व्यावसायिक कारकीर्द अपेक्षेच्या जवळपासही पोहोचली नाही. जिथे सुवर्णपदकविजेत्यांची ही गत होते, तिथे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या राज्यपदकविजेत्याने पहिल्या दोन-तीन लढतींत अडखळणे यात त्याचा काही दोष आहे असे मी मानत नाही. प्रश्न असा आहे, की अडखळल्यावर त्याला उभे राहायला जागा कोण देतो.

आता पैशाकडे वळू. व्यावसायिक बॉक्सिंगचा खालचा थर हा मुलाच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ठाण्यातल्या एका मुलाची तयारी मी जवळून पाहिली आहे. तो घोडबंदर रस्त्यावरच्या एका व्यायामशाळेत सकाळी साहेबलोकांच्या ठोशांसाठी हातात पॅड धरतो, दुपारी सामानाची घरपोच पोहोचवणी करतो आणि संध्याकाळी स्वतःचा सराव करतो. त्याच्या वजनाचा, त्याच्याहून सरस असा स्पॅरिंगचा, म्हणजे सरावाच्या लढतीचा, साथीदार ठाण्यात नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा लोकलने मुंबईत जावे लागते. लढत ठरली तेव्हा त्याच्या हातात कराराचा कागद आला नाही, तिकिटांची गड्डी आली. ही तिकिटे खपव, त्यातून तुझा भाग काढून घे, असा तो व्यवहार होता. मग चाळीतले शेजारी, शाळासोबती, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, आईच्या भिशीतल्या बायका यांच्याकडे त्याने ती तिकिटे नेली. काहींनी प्रेमाने घेतली, काहींनी पैसे नंतर देतो म्हणून सांगितले, आणि उरलेल्या तिकिटांचा हिशेब त्याच्या अंगावर आला. सरावाचे शेवटचे पंधरा दिवस, जे विश्रांतीत आणि डावपेचांत जायला हवेत, ते त्याचे तिकिटे विकण्यात गेले. लढत त्याने गुणांवर जिंकली. ठरलेली रक्कम मात्र आज देतो, उद्या देतो करत तुकड्यातुकड्याने आली, आणि प्रशिक्षकाचा वाटा, रक्ततपासणी, नवे बूट आणि आहार वजा केल्यावर खिशात उरले ते लढतीपूर्वीच्या उसनवारीला पुरले नाही.

या व्यवहारात जाणूनबुजून कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. छोट्या प्रमोटरलाही सभागृहाचे भाडे, रिंग उभारणी, पंच आणि बाहेरगावच्या बॉक्सरची राहण्याची सोय करता करता नाकी नऊ येतात. पण तोटा आला की तो वाटला कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे. सभागृहवाला आगाऊ पैसे घेतो, ध्वनियंत्रणावाला अर्धे आधी घेतो, आणि शेवटी उरेल त्यातून बॉक्सरला मिळते. ज्याच्या अंगावर ठोसे पडणार आहेत, त्याचाच नंबर रांगेत शेवटचा लागतो. त्यातही विजय-पराजयाच्या नोंदीचे, म्हणजे रेकॉर्डचे, वेगळेच गणित आहे. प्रमोटर ज्याला वर न्यायचे ठरवतो त्याच्यासमोर निवडून प्रतिस्पर्धी आणतो, आणि ज्याच्यामागे कोणी नाही तो निवडून आणलेला प्रतिस्पर्धी होतो. दोन आठवड्यांच्या सूचनेवर, परगावी, वरच्या वजनात लढायची तयारी दाखवली की काम मिळते. असे चार पराभव नावावर चढले की तो मुलगा कायमचा हरणाऱ्यांच्या यादीत जातो. त्याची गुणवत्ता तिथे कोणी मोजत नाही.

लढणाऱ्याच्या कमाईची व्यवस्था आपल्याला परकी नाही. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांच्या मैदानांत कुस्तीचे इनाम गावासमोर पुकारले जाते, कमिटी ते जाहीर करते आणि निकाल लागला की पैलवानाच्या हातात पडते. खुराकाचा खर्च पेलणारे दाते, मल्लाला दत्तक घेणारे साखर कारखाने आणि वस्तादाची तालीम या तीन खांबांवर कोल्हापूरची कुस्ती पिढ्यानपिढ्या उभी राहिली. या व्यवस्थेत दोष होते आणि आजही आहेत, पण इनाम उघड असल्यामुळे पैलवानाला आपण किती पैशांसाठी लढतो आहोत, हे आखाड्यात उतरण्यापूर्वी ठाऊक असते. अमेरिकेतही मुहम्मद अली 1960 चे सुवर्णपदक घेऊन परतला, तेव्हा त्याच्या लुइव्हिल शहरातील अकरा धनिकांनी गट करून त्याच्याशी करार केला. सरावाचा खर्च गटाने उचलला आणि त्याच्या कमाईतील 15 टक्के रक्कम पस्तिशीपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत हात न लावता बाजूला ठेवायची, असे त्या करारात होते. अठरा वर्षांच्या मुलाच्या निवृत्तीचा विचार त्याच्या पहिल्या लढतीआधी केला गेला होता. जगातल्या सर्वांत गुणी हेवीवेट बॉक्सरलाही त्याची गरज होती, हे लक्षात घ्यायला हवे.

आपल्याकडे विजेंदर सिंग हे एकच उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. बीजिंगचे कांस्यपदक, 2015 मध्ये ब्रिटिश प्रमोटरशी करार, दिल्लीत 2016 मध्ये आशिया-पॅसिफिक किताब, ऑगस्ट 2017 मध्ये वरळीला भरलेल्या सभागृहात चिनी प्रतिस्पर्ध्यावर विजय. ही वाटचाल खरी आहे, पण तिच्या मुळाशी असलेली प्रसिद्धी आणि हरियाणा पोलिसांतले उपअधीक्षकपद ठाण्याच्या मुलाजवळ नाही. त्या नोकरीत राहून व्यावसायिक लढती खेळता येतात का, हा वादही न्यायालयापर्यंत गेला होता. विकास कृष्णन याने अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकल्या आणि मग टोकियो ऑलिंपिकसाठी तो पुन्हा हौशी गटात परतला. देशातील अग्रगण्य बॉक्सरलाही परतीचे दार उघडे ठेवावेसे वाटते, तर राज्य पातळीवरच्या मुलाला ते दार उघडे आहे की बंद, हे निदान लेखी कळायला हवे. आज शासकीय नोकरीच्या क्रीडा कोट्यात हौशी पदकांचीच गणती होते. व्यावसायिक लढतींतला विजय तिथे शून्य धरला जातो आणि मुलगा वयोमर्यादा ओलांडून दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो.

पैशापेक्षा गंभीर बाब जिवाची आहे. 21 सप्टेंबर 1991 रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन हा बॉक्सर लढतीनंतर कोसळला. रिंगजवळ पुनरुज्जीवनाची साधने आणि त्यासाठी प्रशिक्षित पथक नव्हते, आणि त्याला प्रथम नेले त्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता आणि त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने ब्रिटनच्या बॉक्सिंग नियामक मंडळाविरुद्ध दावा लावला, आणि पुरेशी वैद्यकीय व्यवस्था बंधनकारक न करणे हा मंडळाचा निष्काळजीपणा आहे, असा निकाल अपील न्यायालयाने 2000 साली कायम केला. तिथे आज बॉक्सरच्या मेंदूचे एमआरआय दरवर्षी होते, रुग्णवाहिका आणि भूलतज्ज्ञ जागेवर असल्याशिवाय लढत सुरू होत नाही. आपल्याकडे जुलै 2022 मध्ये बेंगळुरूतील किकबॉक्सिंग स्पर्धेत डोक्याला ठोसा बसून एका 23 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. त्यानंतरही देशात व्यावसायिक बॉक्सिंगवर देखरेख करणारे कायद्याने स्थापन झालेले मंडळ नाही. परवाने खासगी संस्था देतात, त्या एकाहून अधिक आहेत, आणि एका ठिकाणी बेशुद्ध पडलेल्या बॉक्सरला दुसऱ्या ठिकाणी महिन्याभरात उभे राहण्यापासून रोखणारी सामाईक नोंद नाही.

ठाण्यात संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रस्त्यावर काय स्थिती असते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यासाठी हातात असलेला वेळ मिनिटांत मोजावा लागतो, आणि कासारवडवलीहून निघालेली रुग्णवाहिका माजिवड्यापर्यंतच अडकून पडू शकते. असे असताना लढतीच्या कार्यक्रमासाठी पोलिसांची परवानगी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, ध्वनिक्षेपकाची वेळ यांचे कागद मागितले जातात. जवळचे न्यूरोसर्जन असलेले रुग्णालय कोणते आणि तिथे आगाऊ कळवले आहे का, हे विचारणारा रकाना कोणत्याही अर्जात नाही. मला हे सर्वांत अक्षम्य वाटते.

आता 1969 च्या कायद्याकडे येतो. मुंबईच्या मशीद बंदरात आणि भायखळ्याच्या बाजारांत पाठीवर गोणी वाहणारा हमाल एका दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलत असे, आणि म्हणून तो कोणाचाच कामगार नव्हता. हात मोडला तर तो कोणत्या मालकाकडे भरपाई मागणार? अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या लढ्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला आणि त्याने मालक कोण हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन झाले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारांची टोळीही मंडळाकडे नोंदवायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक अधिभार, मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी देऊन लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस आणि औषधोपचार पाहायचे, अशी ती रचना आहे. बाजार तुर्भ्याला हलले तेव्हा माथाडींची घरे कोपरखैरणे, घणसोलीत झाली, आणि त्यांच्यासाठीचे रुग्णालय कोपरखैरण्यात उभे राहिले. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला मालक नाही म्हणून वाऱ्यावर सोडायचे नाही, असे या राज्याने ठरवले आणि ते करून दाखवले. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये सराव करणाऱ्या घणसोलीच्या कित्येक मुलांच्या घरांत याच लेव्हीतून आलेल्या पैशांनी लग्ने झाली आहेत आणि शाळेच्या फिया भरल्या गेल्या आहेत.

हीच रचना व्यावसायिक लढतींसाठी करता येईल. प्रमोटरने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करावी. लढतीची जाहीर केलेली रक्कम वजन होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मंडळाच्या खात्यात जमा करावी, म्हणजे बॉक्सरला ती मिळण्याची खात्री राहील आणि तिकिटे विकणे हा त्याच्या मजुरीचा भाग राहणार नाही. तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण हक्क यांच्या उत्पन्नावर लेव्ही बसवावी आणि तिच्यातून दरवर्षीचे मेंदूचे एमआरआय, विमा आणि एक छोटा निवृत्ती निधी चालवावा. प्रत्येक बॉक्सरचे एक वैद्यकीय पुस्तक असावे, नॉकआऊट झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत ते मंडळाकडे जमा राहावे आणि त्याशिवाय राज्यात कुठेही लढत होऊ नये. बॉक्सरचा मॅनेजर आणि प्रमोटर हे एकच किंवा हितसंबंधाने बांधलेले नसावेत, अशी अट अमेरिकेने 2000 साली मुहम्मद अलीच्या नावाने केलेल्या कायद्यात घातली. ती आपणही घ्यावी, कारण एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी सौदा केला तर मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. अधिकाराचा प्रश्नही येथे आड येत नाही. खेळ आणि करमणूक हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. 2025 चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कारभारासाठी आहे, लढतीगणिक मजुरी घेणाऱ्या बॉक्सरचे संरक्षण हा त्याचा हेतू नाही.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांचा आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1982 पासून बॉक्सिंगवर बंदीची भूमिका घेतली, आणि डोक्यावर ठोसे मारणे हेच ज्या खेळाचे साध्य आहे त्याला शासनाने मंडळ देऊन प्रतिष्ठा का द्यावी, असा प्रश्न त्यातून येतो. मला या प्रश्नाचा आदर आहे. बंदी घालण्याचे धैर्य राज्यात असेल तर त्याने ती जरूर घालावी, पण मग शालेय क्रीडा स्पर्धांतले बॉक्सिंगही बंद करावे लागेल, कारण त्याच मुलांना बारा वर्षे शासकीय पदके देऊन आपण या व्यवसायाच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. बंदी नाही आणि देखरेखही नाही, ही आजची स्थिती मात्र कोणत्याही वैद्यकीय तत्त्वात बसत नाही.

दुसरा आक्षेप माथाडी कायद्याच्या गैरवापराचा आहे. माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी उद्योजकांना सतावले, हे खरे आहे आणि खुद्द माथाडी संघटनांनीही त्याविरुद्ध आवाज उठवला आहे. पण तो धोका प्रामुख्याने कामगाराची निवड आणि टोळीची मक्तेदारी यांतून येतो. बॉक्सिंगच्या मंडळाला कोण कोणाशी लढणार हे ठरवण्याचा अधिकार देऊच नये, पैसा आणि आरोग्य या दोनच गोष्टी त्याच्या हाती असाव्यात. प्रमोटर गोव्याला किंवा दिल्लीला जातील, ही भीतीही व्यक्त होते. काही जातील. ज्या प्रमोटरला ठरलेली रक्कम आधी भरणे परवडत नाही, त्याच्याकडे आपल्या मुलांनी लढू नये, असेच माझे मत आहे. आणि संख्या फार थोडी आहे, एवढ्यांसाठी मंडळ कशाला, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगायचे आहे, की बॉक्सिंगबरोबर किकबॉक्सिंग आणि मिश्र मार्शल आर्टचे सामनेही याच सभागृहांत, याच मुलांना घेऊन होत आहेत. तिन्ही एका छत्राखाली आणले तर संख्या थोडी राहत नाही. त्यांत मुलीही आहेत, आणि सरिता देवीने 2017 मध्ये व्यावसायिक पदार्पण केल्यानंतर मुलींच्या लढतींना मिळणारी रक्कम आणि संधी यांकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही.

कायदा व्हायला वर्षे लागतील, हे मी जाणतो. तोपर्यंत ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना करण्यासारखे काम आहे आणि त्यासाठी विधिमंडळाची गरज नाही. पालिकेच्या मालकीची क्रीडासंकुले, सभागृहे आणि मैदाने भाड्याने देताना करारात अटी घालण्याचा अधिकार पालिकेला आहेच. दादोजी कोंडदेव क्रीडागृह असो की वाशीतले एखादे सभागृह, लढतींच्या कार्यक्रमासाठी जागा मागणाऱ्याने प्रत्येक बॉक्सरसोबतचा लेखी करार जोडावा, बॉक्सरांची एकूण रक्कम अनामत म्हणून भरावी, दोन रुग्णवाहिका आणि भूलतज्ज्ञ यांची व्यवस्था दाखवावी, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाचे लेखी पत्र आणावे, ज्यात त्या रात्री शस्त्रक्रियागृह उपलब्ध असल्याचे नमूद असेल. सिडकोनेही आपल्या वाशीच्या प्रदर्शन केंद्रासाठी हीच अट घालावी. त्याबरोबर दोन्ही पालिकांनी आपल्या व्यायामशाळांत प्रशिक्षकाच्या जागा भरताना व्यावसायिक लढतींचा अनुभव ग्राह्य धरावा आणि पतियाळाच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाची फी उचलावी, म्हणजे तिशीच्या आत रिंग सोडावी लागणाऱ्या मुलाला उत्पन्नाची वाट राहील आणि वागळे इस्टेटच्या पुढच्या मुलाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बारा फेऱ्यांचा अर्थ ठाऊक असलेला प्रशिक्षक मिळेल. या अटींचा ठराव महासभेच्या एका बैठकीत होऊ शकतो. तो मांडण्यासाठी एका नगरसेवकाची सूचना आणि एकाचे अनुमोदन लागते.